बारमाही फ्लॉक्सच्या मुळ्या ऑनलाइन मागवल्या होत्या, अकरा महिन्यांचा अनुभव लिहितेय (पावस, रत्नागिरी)

आधी रेटिंग सांगून टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. मुळ्यांना ५ पैकी २. साईटवर जे वर्णन लिहिलं होतं त्याला शून्य. आणि ह्या सगळ्या भानगडीत ज्या नर्सरीत जाऊन पोचले त्या नर्सरीला ५ पैकी ५. साईटचं नाव लिहीत नाहीये कारण तेच वर्णन, तेच फोटो मी नंतर अजून तीन-चार ठिकाणी जसेच्या तसे बघितले, म्हणजे हा एका दुकानाचा प्रश्न नाहीये. किनारपट्टीवर राहणाऱ्या कुणीही 'पेरेनियल फ्लॉक्स, सर्व हवामानात येते, वर्षभर फुले' असं वाचून पैसे भरण्याआधी हे वाचावं एवढ्यासाठीच एवढं मोठं लिहायला बसलेय.

मला हे झाड का हवं होतं ते सांगते. २०२३ च्या जुलैत लेकीकडे होते, अमेरिकेत डेलावेअरला, तिच्या घराजवळ माउंट क्यूबा सेंटर नावाची मोठी बाग आहे जिथे तिथल्या मातीतल्या देशी झाडांवर काम करतात. तिथे फ्लॉक्सच्या कितीतरी जाती शेजारी शेजारी लावून बघितल्यात, कुठली रोगाला टिकते, कुठल्या जातीवर फुलपाखरं जास्त येतात ते मोजलंय, आणि त्यात 'जीना' नावाची बारीक जांभळट गुलाबी फुलांची जात फुलपाखरांच्या बाबतीत सगळ्यात वरचढ ठरली होती. ही जीना काही कुणी प्रयोगशाळेत तयार केलेली नाही बरं का, टेनेसीत नॅशव्हिलजवळ हार्पेथ नावाच्या नदीच्या काठी रानात सापडलेली आहे. आणि लेकीच्या शेजारणीच्या दारात 'डेव्हिड' होती, पांढरीशुभ्र, माझ्या छातीपर्यंत उंच, हायड्रेंजियासारखा मोठा घोस पण त्याहून मोकळा, आणि संध्याकाळी सात-साडेसातला तिथे अजून लख्ख उजेड असतो तेव्हा त्याचा वास सुटायचा. गोड, थोडा लवंगेसारखा. मी रोज त्या वेळेला चालायला बाहेर पडायचे ते त्या कुंपणापर्यंत जायला म्हणूनच. डेव्हिडला २००२ साली तिकडे वर्षातलं सर्वोत्तम बारमाही झाड म्हणून निवडलं होतं हे लेकीने वाचून सांगितलं, मला त्याचं काही आश्चर्य वाटलं नाही.

तर डोक्यात बसलं ते बसलं. आमच्या खळ्याच्या कडेने चिऱ्याची दोन थरांची बांध आहे, तिच्या आत साधारण २० फूट लांब आणि ४ फूट रुंद पट्टा रिकामा होता, तिथे त्या लोकांसारखी बॉर्डर करायची, मागे उंच, मध्ये मध्यम, पुढे बुटकी, आणि मधल्या रांगेत फ्लॉक्स, असं चित्र मनात होतं.

गेल्या डिसेंबरात ऑर्डर दिली. ५ मुळ्या ८५० रुपये, वर कुरिअरचे १२०. लेबल 'डेव्हिड, पांढरी'. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आल्या, पॅकिंग चांगलं होतं हे कबूल करते, प्रत्येक मुळी ओलसर पीटमध्ये गुंडाळून भोकाच्या पिशवीत, बॉक्सवर वरची बाजू कुठली त्याची खूण. ५ पैकी १ मात्र पूर्ण कुजलेली, दाबली की पाणी यायचं. फोटो पाठवला, दोन दिवसांत माफीचा मेसेज आला आणि १७० रुपये परत आले. इथपर्यंत तक्रार नाही. दोन स्टार दिलेत ते ह्याच गोष्टीचे.

सोबत लावणीचा कागद होता त्यात लिहिलेलं, 'भरपूर ऊन, पाण्याचा निचरा होणारी माती, वर्षभर फुले.' बस. त्यात एका शब्दाने थंडीचा उल्लेख नाही. आणि हीच माझी खरी तक्रार आहे.

मुळ्या लावायच्या आधी म्हटलं कुणातरी जाणत्याला विचारावं म्हणून पावसहून रत्नागिरीकडे जाताना जी लहानशी नर्सरी लागते तिथे गेले, हिरव्या जाळीखाली, बाहेर नारळाची रोपं मांडलेली असतात ती. तिथल्या काकांनी मुळी हातात घेतली, उलटसुलट करून बघितली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "वहिनी, हे कुठल्या देशातलं?" मी सांगितलं. मग म्हणाले, "झोपणारं झाड दिसतंय हे. थंडीत खाली जाऊन झोपणार आणि थंडी सरली की उठणार. आपल्याकडे त्याला झोपवणार कोण?"

नंतर मी वाचत गेले तसतसं कळलं की काका एका वाक्यात सगळं बोलून गेले होते. बारमाही फ्लॉक्स मूळचं अमेरिकेच्या पूर्व भागातलं, तिथे हिवाळ्यात जमिनीवरचा सगळा भाग मरून जातो, मुळाशी डोळे राहतात, त्यांना कित्येक आठवडे कडक थंडी मिळाली की मगच वसंतात ते जोमाने फुटतात. शिवाय कळी धरायला मोठा दिवस लागतो. डेलावेअरला जूनमध्ये दिवस १५ तासांच्या आसपास असतो, आपल्याकडे रत्नागिरीला वर्षातला सगळ्यात मोठा दिवस जेमतेम १३ तासांच्या थोडा वर, आणि तो पण नेमका मृगाच्या पावसात ढगाखाली जातो. आणि थंडी म्हणाल तर समुद्रालगत रात्रीचा पारा १५ च्या खाली गेला तर आपण शाली काढतो. म्हणजे ह्या झाडाला ज्या दोन गोष्टी हव्यात त्या दोन्ही आपल्याकडे नाहीत, आणि नको असलेली एक गोष्ट, मुळाशी दिवसेंदिवस साचणारं पाणी, ती जून ते सप्टेंबर आपल्याकडे भरपूर आहे. काश्मीर, हिमाचलात वर डोंगरात जिथे दंव-बर्फ पडतं तिथल्या माणसाने खुशाल लावावं. पण मग साईटवर तसं लिहा ना. पिनकोड टाकल्यावर कुरिअर कधी पोचेल ते सांगता, हे झाड तुमच्या गावात येणार नाही हे पण सांगता आलं असतं.

तरी पण मुळ्या हातात होत्या, टाकवेनात. काकांनीच सुचवलं, "दोन लावा, दोन फ्रिजमध्ये ठेवून बघा." तेच केलं.

दोन मुळ्या सरळ वाफ्यात लावल्या. आपली जांभ्याची माती, पाणी घातलं की झिरपून गेलं, संध्याकाळी परत कोरडी ठक्क, त्यात ही मुळं वरच्यावर पसरणारी, त्यांना सतत ओल हवी. म्हणून एक घमेलं शेणखत, एक घमेलं कुजलेला पातेरा, थोडी राख असं मिसळलं, वर नारळाची सोडणं उलटी मांडून आच्छादन केलं. तीन आठवड्यांत फुटल्या. मी रोज सकाळी चहा घेऊन तिथेच उभी. पानं समोरासमोर जोडीने, टोकदार, अगदी तिकडे बघितली तशी. आणि एक वीतभर झाल्या आणि थांबल्या. खत घातलं, काही नाही. ताक दिलं कुणी सांगितलं म्हणून, काही नाही. नुसता हिरवा गुच्छ जमिनीला चिकटून.

फेब्रुवारीत पानांवर पांढरी भुकटी. आंब्याच्या बागायतीत वाढलेल्या माणसाला भुरी ओळखायला शिकवावं लागत नाही, मोहोरावर जशी येते तशीच दिसते, पण मोहोरावरची बुरशी वेगळी आणि ह्याच्यावरची वेगळी, एकमेकांना लागत नाही, त्यामुळे बागायतदारांनी त्या बाबतीत घाबरू नये. भुरीबद्दल बऱ्याच जणांचा समज असतो की पाऊस लागला की भुरी. तसं नाहीये. धो-धो पावसात भुरी उलट मागे हटते, ती येते ती दिवसा कोरडं ऊन आणि पहाटे दमट हवा, दाटीवाटीने लावलेली झाडं, वारा नाही, अशा वेळी. म्हणजे आपला मोहोराचाच हंगाम. पाण्यात मिसळायचं गंधक लिटरला २ ग्रॅम, सकाळी लवकर मारलं, दुपारच्या उन्हात मारलं तर पानं करपतात. भुरी गेली. पण झाड काही हललं नाही. तिकडे लोक प्रत्येक फ्लॉक्सचे चार-पाचच दांडे ठेवून बाकीचे मुळाशी कापतात, वारा खेळावा म्हणून, ते मला पण माहीत होतं, पण माझ्याकडे कापायला दांडेच नव्हते.

आता फ्रिजवाल्या दोन. ओलसर कोकोपीटमध्ये, भोकं पाडलेल्या पिशवीत, भाजीच्या खणात सात आठवडे. पिकणारी फळं त्या खणात ठेवली नाहीत. घरात सगळ्यांना सांगून ठेवलेलं की ह्या पिशवीला हात लावायचा नाही, तरी सासूबाईंनी एकदा आलं समजून बाहेर काढलं होतं, वेळेत बघितलं. फेब्रुवारी अखेरीस काढल्या, १२ इंची कुंडीत एक एक लावली, पूर्वेच्या बाजूला सकाळचं ऊन आणि दुपारी माडाची सावली अशा जागी ठेवली.

आणि काय फरक पडला म्हणून सांगू. आठ दिवसांत कोंब, जाड, तांबूस. वाफ्यातल्या बहिणी वीतभर आणि ह्या एप्रिलमध्ये दीड फूट. म्हणजे बघा थंडी नावाची गोष्ट त्या मुळीला कळते, भाजीच्या खणातली का असेना. उन्हाळ्यात दोन वेळा पाणी, तरी दुपारी माना टाकायच्या, संध्याकाळी परत ताठ. मे महिन्याच्या मध्यावर एका कुंडीत शेंड्याला कळ्या दिसल्या. मी लेकीला व्हिडिओ कॉल करून दाखवल्या.

११ फुलं आली. मोजली. दुसऱ्या कुंडीत एकही नाही. आणि ती ११ फुलं गुलाबी होती. पांढरी नाहीत, म्हणजे डेव्हिड नव्हतीच ती, दुसरीच कुठलीतरी जात डेव्हिडचं लेबल लावून पाठवलेली. कंपनीला फोटो पाठवला तर उत्तर आलं की तक्रार ७ दिवसांच्या आत करायची असते. आता मुळीचं फूल ७ दिवसांत कसं दिसणार? ज्या वस्तूचा रंग कळायला चार महिने लागतात तिला कपड्यांचा नियम लावतात, हे मला मनापासून चुकीचं वाटतं. जे लोक झाडं विकतात त्यांनी एक फुलाचा हंगाम तरी थांबायला पाहिजे.

पण वास तोच होता. संध्याकाळी दिवा लावून बाहेर आले तेव्हा पडवीपर्यंत आला. घोस तळहाताएवढा पण नव्हता, तरी मी खुर्ची टाकून तिथे बसले होते बराच वेळ. ते चार-पाच दिवस मी विसरणार नाही, म्हणून पैसे पूर्ण वाया गेले असं मी म्हणत नाही.

मग पाऊस. वाफ्यातल्या दोन्ही जुलैत गेल्या, बुंध्याशी काळ्या पडून उपटल्या की हातात आल्या. दोन्ही कुंड्या पागोळ्यांपासून लांब पडवीत आत घेतल्या होत्या, त्यातली बिनफुलाची ऑगस्टमध्ये गेली आणि फुललेली अजून आहे, पिवळट, चार दांड्यांची. डिसेंबरात कुंडीतून काढून परत फ्रिजमध्ये जाणार आहे.

आता नर्सरीबद्दल, कारण ५ स्टार उगाच नाही दिलेत.

त्या पहिल्या दिवशी काकांनी मला नुसतं नाही म्हणून पाठवलं नाही. आत नेलं आणि ट्रेमधली रोपं दाखवली, "हे पण फ्लॉक्सच आहे, वर्षायू, ह्याला थंडीचं काही पडलेलं नाही." २० रुपयाला एक रोप, काहींना जानेवारीतच एखाद-दुसरं फूल. हे ड्रमंडचं फ्लॉक्स, टेक्सासचं. थॉमस ड्रमंड नावाच्या स्कॉटिश माणसाने १८३५ मध्ये त्याचं बी तिथून ब्रिटनला पाठवलं आणि त्याच वर्षी तो स्वतः क्यूबात वारला, आपण पाठवलेलं बी फुललेलं त्याला बघायला मिळालं नाही. हे वाचल्यापासून त्या झाडाकडे बघताना मला दर वेळी त्याची आठवण येते. टेक्सासच्या उन्हातलं असल्यामुळे आपला हिवाळा त्याला पुरेसा आहे. उंची वीत-दीड वीत, रंग मात्र लाल, गुलाबी, पांढरा, जांभळा, मध्ये डोळा असलेले, सगळे मिसळून येतात, एक रंग निवडून मिळत नाही. वास जवळजवळ नाहीच, हे स्पष्ट सांगते, ज्यांना वासासाठी हवंय त्यांची निराशा होईल. मी १२ रोपं घेतली, बॉर्डरच्या पुढच्या रांगेत एक-एक वीत सोडून लावली, आणि मार्चअखेरपर्यंत फुलं होती. खळ्यात आलेला प्रत्येक माणूस विचारून गेला.

मधल्या रांगेसाठी काकांनी पेंटास दिलं, ५० रुपयाला एक. पाच पाकळ्यांची चांदणीसारखी फुलं झुबक्यात, देठाशी लांब नळी, त्यामुळे फुलपाखरं त्याच्यावर तुटून पडतात, आणि लांबून बघाल तर फ्लॉक्सची आठवण यावी इतकं जवळचं रूप. पावसात कुजेल म्हणून त्यांनीच सांगितलं की वाफा अर्धा फूट उंच करा आणि एकेक झाड लांब लांब लावा. ७ लावली होती, ५ पावसातून निघाली आणि आता परत फुलतायत.

मागच्या रांगेला मी विचारलं की काही भारीतलं द्या, तर म्हणाले, "तुमच्या विहिरीकडे सोनटक्का असेल की, तोच आणून लावा." होता. आणि खरं सांगू, तिथे मला कळलं की मी डेलावेअरला ज्या झाडापाशी रोज जाऊन उभी राहायचे त्याची सगळी कामं आपल्याकडे सोनटक्का करतो. उंच, पांढरा, ऐन पावसाळ्यात फुलणारा, संध्याकाळी वास सुटणारा, आणि माझ्या माहेरी सांडपाण्यावर वाढलेला म्हणून कधी बागेतलं झाड म्हणून मी बघितलाच नव्हता. सहा कंद आणून लावले, बाजूला पिवळी कर्दळ. ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत मागची रांग भरलेली होती. ह्या गोष्टीचे काकांनी एक रुपया घेतला नाही, उलट स्वतःकडचं विकायचं सोडून मला माझ्याच विहिरीकडे पाठवलं. असा दुकानदार मी तरी फार बघितला नाही.

नर्सरीच्या दोन उणिवा पण लिहिते. रोपांना लेबल नसतं, सगळं काकांच्या डोक्यात, ते नसतील तर तिथला मुलगा पेंटासला पण इक्झोरा म्हणतो. आणि पावसाळ्यात चार महिने फुलझाडं जवळजवळ नसतातच, तेव्हा फक्त नारळ, सुपारी, काजूची कलमं. ऑनलाइन पेमेंट चालतं, पण तिथे रेंज येत-जात असते म्हणून सुटे पैसे न्या.

बी पेरणार असाल तर मी काय केलं ते सांगते. मार्चमध्ये ह्या वर्षायू फ्लॉक्सच्या बोंडांना पातळ मलमलीच्या पुरचुंड्या बांधल्या होत्या, कारण सुकली की बोंडं तडकून बी लांब उडतं, नाहीतर हाती काही लागत नाही. ते बी कागदाच्या पाकिटात राखेबरोबर डब्यात ठेवलं. ऑक्टोबरच्या उकाड्यात पेरायचं नाही, उगवण नीट होत नाही. ह्या वर्षी १० नोव्हेंबरला ट्रेमध्ये पेरलं, ह्याच्या बियाला अंधार लागतो म्हणून पाव इंच माती आणि वर ओलं गोणपाट, कोंब दिसले की लगेच गोणपाट काढायचं. अकराव्या दिवशी दिसले. आज दोन खऱ्या पानांवर आहेत, साधारण ६० रोपं, मला ३० पुरे. उरलेल्यातली २० काकांना नेऊन देणार आहे, त्यांचं बी ह्या वर्षी नीट उगवलं नाही म्हणाले परवा, बाकी पावस-गोळप भागातलं कुणी असेल तर सांगा, कागदात गुंडाळून ठेवते.